घोड्यांच्या बाजारातील रीत व सावधगिरी

मार्गशीर्षी पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या मुहूर्तावर, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडे येथे तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते व तिजबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. त्याच महिन्याच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत पुन्हा घोडे उभे राहतात. आमच्या वाचकांपैकी घोडा विकत घेणारे थोडे. परंतु देवदर्शनास म्हणून गेलेला शेतकरी मुलाबाळांसह घोड्यांच्या दावणीवरून एक फेरी मारल्यावाचून सहसा परतत नाही. यास्तव तेथे कसे वागावे याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

साहेबाच्या पुढून व घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. साहेबाचे राहो, घोड्यापुरती ती अर्धीच खरी आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्यास मान न वळविता जवळजवळ चोहोंकडचे दिसते; मात्र थेट पाठीमागचे, तसेच कपाळासमोरचे व नाकाखालचे अगदी जवळचे दिसत नाही. कौतुकाने एकदम समोरून कपाळावर हात ठेवणारा मनुष्यही त्यास अकस्मात उपटल्यासारखा वाटतो. डाव्या खांद्याच्या बाजूने, तोंडाने काही बोलत, धन्यास विचारून जवळ जावे. मागून जाणे भागच पडले तर दोन घोड्यांइतके अंतर राखावे. कान मागे पडून मानेस चिकटले म्हणजे घोड्याने आपले म्हणणे सांगितले असे समजावे. हल्ली भ्रमणध्वनीवर छबी काढण्याकरिता घोड्याकडे पाठ करून उभे राहण्याची जी हौस बोकाळली आहे, तिच्या पायी हे कान कोणास दिसतच नाहीत.

परंतु सर्व दोष पाहणाऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आमचा मुख्य रोख विकणारांवर व धन्यांवर आहे. घोड्याची पारख करण्याची आपली जुनी पद्धत बारकाईची आहे. दात पाहून वय ठरवितात, रवाल चाल पाहतात, पंचकल्याणी आहे की नाही हे पाहतात, आणि अंगावरील एकेक भोवरा तपासून देवमण कोठे आहे याची खात्री करून घेतात. पण जनावर लाथ झाडते काय, चावते काय, गर्दीत बुजते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, व विचारला तरी खरे उत्तर मिळेलच असे नाही. अशुभ भोवरा लपविणे हे पाप मानणारा मनुष्य दुगाणीची खोड बिनदिक्कत लपवितो! भोवऱ्याने कोणाचे काय वाईट होते ते आम्ही सांगू शकत नाही. दुगाणीने पोराची छाती फुटते, यात मात्र संशय नाही.

इंग्लंडात शिकारीच्या व प्रदर्शनांच्या मैदानांवर लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीस तांबडी फीत बांधण्याची चाल आहे. ती पाहून मागचा स्वार आपोआप दूर राहतो. आपल्या बाजारांतही ही चाल पाडावी असे आम्ही सुचवितो. यावर दोन आक्षेप येतील. एक, आपल्याकडे शोभेकरिता घोड्यास तांबडे गोंडे घालतातच. तेव्हा खूण ओळखावी कशी? तर ती फक्त शेपटीसच असावी व यात्रेच्या व्यवस्थापकांनी तसे पुकारून सांगावे. दुसरा आक्षेप खरा आहे : फीत बांधली की किंमत उतरेल. उतरेल, आणि उतरावी. खोडीचे जनावर शांत जनावराच्या भावाने विकले जाते याचाच अर्थ तेवढी रक्कम घेणाराच्या हातापायांतून वसूल होते. सर्वांस सारखाच नियम लागू केला तर प्रामाणिक विक्रेत्यास एकट्यास तोटा सोसावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट चाल दाखविण्याची. गिऱ्हाईक उभे राहिले की विक्रेता घोडा दावणीतल्या वाटेनेच भरधाव सोडतो व लोकांनी बाजूस उड्या माराव्या अशी अपेक्षा ठेवतो. यात मर्दुमकी काही नाही. याकरिता दोरांनी आखलेली स्वतंत्र धाव असावी, आणि स्वाराने फेट्याऐवजी शिरस्त्राण घालावे. फेटा उतरल्यावर बांधता येतो. घोडा धरणाराने दोर हातास कधीही गुंडाळू नये, ही गोष्ट पोळ्यास बैल मिरविणाऱ्या आमच्या बांधवांस तरी निराळी सांगावयास नको. वयात आलेला घोडा व माजावरची घोडी जवळजवळ बांधू नयेत. ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे घोडा नाचविण्याविषयी आमचे मत कडक आहे : ज्या आवाजाने मनुष्याच्या कानठळ्या बसतात तो घोड्यास आनंदाचा होत नाही, आणि तो बुजला तर आधी त्याच्या भोवती टाळ्या वाजविणारेच तुडविले जातात.

शेवटी पाण्याविषयी. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यांच्या नाकातील स्रावाने, एका बादलीतून व एका तोबऱ्यातून पसरतो, आणि तो मनुष्यासही होऊन प्राणघातक ठरू शकतो. २००६ साली महाराष्ट्रात पुणे व पाचगणी येथील घोड्यांत तो आढळला होता. २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या कायद्यान्वये अशा रोगाची वर्दी देणे धन्यावर बंधनकारक आहे. रक्त तपासल्याचा दाखला मागणे म्हणजे विक्रेत्याचा अपमान, अशी समजूत काही ठिकाणी दिसते. आमच्या मते दाखला न मागता दाखवावा, व शेजाऱ्याने बादली मागितली तर ती न देण्यात त्याने राग मानू नये. यंदा यात्रेस जाणाऱ्या सभासदांनी निदान आपली बादली आपणच न्यावी.