पराभवाची मात्रा



नाशिकहून एका आजींचे पत्र आले आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. वय ७२. चालणे बरेच सुधारले. डाव्या हाताची बोटे मात्र अजून मंद आहेत. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले बोटांचे व्यायाम ते करीत नाहीत. सदऱ्याची गुंडी चार वेळा निसटली की त्यांना सर्वांसमोर ओशाळवाणे वाटते. हल्ली मात्र ते सुट्टीला आलेल्या नातवाशेजारी तासन्‌तास बसतात. नातू टीव्हीवर ‘एल्डन रिंग’ नावाचा लढाईचा खेळ खेळतो, एकाच राक्षसाकडून संध्याकाळभरात तीस वेळा मरतो आणि तरी पुन्हा उभा राहतो. परवा आजोबांनी तो कंट्रोलर मागून घेतला. आजी विचारतात : एवढे हरूनही मुलगा तेच ते का करतो, हे व्यसन तर नव्हे? आणि यजमानांना हे खेळू द्यावे का?

हा खेळ मी स्वतः खेळलेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो. खेळ कसा आहे हे कळल्याशिवाय दोन्ही प्रश्नांचा उलगडा होणार नाही.

‘एल्डन रिंग’ जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने तयार केला आणि तो फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. खेळातील जगाची पुराणकथा अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचली. खेळणारा एका एकाकी योद्ध्याच्या रूपाने उजाड राज्यात हिंडतो. वाटेत बलाढ्य शत्रू भेटतात; मुले त्यांना ‘बॉस’ म्हणतात. पुष्कळ खेळांत ‘सोपे’ आणि ‘अवघड’ अशी निवड असते. येथे ती नाही. योद्धा मेला की पडद्यावर तसे शब्द उमटतात, साठवलेली पुंजी मेल्या जागी पडते आणि ती उचलण्यासाठी पुन्हा तेथवर जावे लागते. वाटेतच पुन्हा मृत्यू आला, तर ती पुंजी कायमची गेली.

गंमत अशी की, खेळाच्या अगदी आरंभीच एक अनेक हातांचा राक्षस समोर येतो आणि तो जवळजवळ प्रत्येक नवख्याला मारतो. त्या मृत्यूनंतरच कथा पुढे सरकते. हरणे ही येथे शिक्षा नसून प्रवेशाची रीत आहे, हे खेळ पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकतो.

आता हे शत्रू जिंकायचे कसे? पहिला खरा द्वारपाल म्हणजे मार्गिट. स्टॉर्मव्हेल किल्ल्यापुढील पुलावर तो उभा असतो. हातातला सोटा तो वर उचलतो, आणि तसाच धरून ठेवतो. नवखा खेळाडू सोटा वर गेलेला पाहताच घाबरून कोलांटी घेतो. कोलांटीच्या पहिल्या क्षणांत योद्ध्याला घाव लागत नाही. पण ते क्षण मोजके असतात. ते संपतात तेव्हाच मार्गिट सोटा खाली आणतो. भीतीने केलेली घाई हेरण्यासाठीच त्याची ही चाल आखलेली आहे. उपाय साधा, पण अंगवळणी पडायला कठीण : सोटा वर जाताना पाहू नये, तो खाली यायला लागतो ती खूण ओळखावी. आणि प्रत्येक वेळी मागे पळण्याऐवजी बाजूने किंवा शत्रूच्या अंगालगत निसटावे. मागे सरकणारा सोट्याच्या टप्प्यातच राहतो.

म्हणून जाणते खेळाडू पहिल्या चार-पाच फेऱ्यांत तलवार चालवतच नाहीत. ते केवळ टिकून राहतात आणि पाहतात. कोणत्या घावानंतर शत्रू दमतो? कोणत्या घावानंतर त्याचा दुसरा घाव हमखास येतो? आम्ही डॉक्टर नव्या रुग्णाला प्रथम तपासतो, मग औषध लिहितो. हाही तोच क्रम आहे.

दुसरा धडा लोभाचा. योद्ध्याला दमाची एक हिरवी पट्टी असते. वार, कोलांटी, धाव, ढालीवर झेललेला घाव, सगळे त्याच पट्टीतून खर्च होते. शत्रू चुकला, एक घाव बसला, आणखी एक बसेल असे वाटते, आणि तेथेच घात होतो. दम संपलेला असतो आणि निसटायला काही उरत नाही. एक घाव घालावा आणि मागे व्हावे. हृदयविकाराच्या किंवा दम्याच्या रुग्णांना मी जिन्याच्या मध्यावर थांबायला सांगतो. धाप लागल्यावर नव्हे, लागण्यापूर्वी. या शहाणपणाचे मोल तेही ओळखतील.

तिसरी गोष्ट औषधाची. योद्ध्याजवळ प्रकृती सावरणाऱ्या अर्काची कुपी असते. आरंभी घोट मोजके, पुढे वाढत जाऊन जास्तीत जास्त १४. परंतु घोट घ्यायला वेळ लागतो, आणि बरेच बॉस नेमके तेव्हाच धावून येतात. त्यामुळे घाव बसताच प्यायचे नसते. आधी दूर व्हायचे, शत्रूची मोठी चाल संपू द्यायची, मग प्यायचे. शिवाय निम्म्या लढाईनंतर बरेच बॉस रूप बदलतात. मार्गिट सोन्यासारखा चमकणारा हातोडा काढतो. अर्ध्या वाटेपर्यंत सारे घोट संपवणाऱ्याची तेथे पंचाईत होते.

चौथा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या माळरानावर सोनेरी चिलखतातील एक घोडेस्वार फिरत असतो. नवखे त्याच्यावर तुटून पडतात आणि मरतात. वास्तविक त्याला वळसा घालून पुढे जाता येते. मार्गिटलाही त्याच दिवशी हरवण्याची सक्ती नाही. परत फिरावे, आसपासचा प्रदेश पाहावा, हत्यार घडवून घ्यावे, योद्ध्याचे आयुर्बळ वाढवावे आणि मग यावे. नवखे मिळवलेली पुंजी तलवारीच्या ताकदीवर उधळतात. अनुभवी खेळाडू ती आधी आयुर्बळावर लावतात, कारण दोन घाव सोसू शकणाऱ्यालाच शिकायला वेळ मिळतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी महिनाभर मांडीचे व्यायाम करून घेण्यामागे आमचाही हाच हिशेब असतो.

आणि मदत. या खेळात घंटा वाजवून लांडग्यांसारखे साथीदार बोलावता येतात. इंटरनेटवरून इतर खेळाडूही मदतीला येतात. काही तरुण याला कमीपणा मानतात. परंतु खेळ बनवणाऱ्यांनीच ही सोय ठेवलेली आहे. खेळातील एक अत्यंत कठीण बॉस म्हणजे मलेनिया. तिचा वार ढालीवर जरी झेलला, तरी तिची प्रकृती सुधारते. २०२२ साली एक खेळाडू डोक्यावर मडके घालून, अंगावर जेमतेम वस्त्र ठेवून, अनोळखी लोकांच्या बोलावण्यावर जात असे आणि त्यांच्यासाठी एकटाच मलेनियाशी लढत असे. जगभरचे खेळाडू त्याला ओळखू लागले. पुढे प्रकाशक कंपनीने त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. घरातील रुग्णाची शुश्रूषा एकटीने रेटणाऱ्या भगिनींना माझे सांगणे आहे की, घंटा वाजवण्यात कमीपणा नाही.

आता आजींच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. हरूनही नातू पुन्हा खेळतो, कारण प्रत्येक पराभव त्याला काहीतरी सांगून जातो. हालचाल शिकताना मेंदू ठरवलेली आणि प्रत्यक्ष घडलेली क्रिया ताडून पाहतो. त्यांतील फरक हीच त्याची शिकवणी. मग झोपेत ते शिकणे पक्के होते. रात्री जमत नव्हते ते सकाळी जमते, हा अनुभव पेटी शिकणाऱ्यांनाही असतो. एवढ्यावरून व्यसन म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळाच्या विकाराची लक्षणे दिली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, जेवण-झोप-अभ्यास यांपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळ वाढत जाणे; आणि हे सारे साधारणतः १२ महिने टिकणे व त्यामुळे जीवनात ठळक बिघाड होणे. नातू वेळेवर जेवतो, झोपतो, हाक मारल्यावर डाव संपवून उठतो, तर काळजी नको. मात्र लढाई चालू असताना हा खेळ सहजासहजी मध्येच थांबवता येत नाही. म्हणून ‘आत्ता ऊठ’ असे न म्हणता ‘हा डाव झाला की ऊठ’ असे म्हणावे. भांडणे निम्मी होतील.

दुसरा प्रश्न आजोबांचा. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, हे खरे. परंतु बॉसच्या चाली ठरलेल्या असतात, आणि ओळखीची चाल आधी हेरणाऱ्याला वेग थोडा कमी असला तरी पुष्कळदा निभावते. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींनी खास तयार केलेला गाडी चालवण्याचा खेळ खेळल्यावर एकाच वेळी दोन कामे सांभाळण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकून होती. तो खेळ वेगळा होता; त्याचे फळ प्रत्येक खेळाला लावता येणार नाही. परंतु साठीनंतर मेंदू शिकत नाही हा समज त्याने खोटा ठरवला.

आजोबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. या खेळात योद्ध्याला चालवणारी दांडी डाव्या अंगठ्याखाली असते आणि ढाल धरण्याचे बटण डाव्या तर्जनीखाली. म्हणजे ज्या बोटांना हालचाल हवी, त्यांनाच काम मिळते. अर्धांगवायूनंतर सुधारणा पुनःपुन्हा केलेल्या हालचालीतून होते, आणि पुनरावृत्तीत चुका येणारच. गुंडी निसटली की ज्यांना शरम वाटते, ते येथे नातवादेखत दहा वेळा मरायला तयार आहेत. हे मला फार मोलाचे वाटते. तरी खेळ म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. तिच्या जोडीला तो चालेल, तिच्या जागी नाही.

म्हणून खेळू द्यावे, पण पुढील पथ्यांसह :

१. प्रथम आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे. पूर्वी फीट आली असल्यास लुकलुकणारा प्रकाश घातक ठरू शकतो. रक्तदाब आटोक्यात नसल्यास किंवा छातीत दुखत असल्यास हा उत्साह पुढे ढकलावा.

२. खेळ सहजासहजी मध्येच थांबत नाही, म्हणून आधी लघवीला जाऊन यावे, औषधाची आणि जेवणाची वेळ सांभाळावी. डाव सोडून घाईने स्नानगृहाकडे धावताना पडण्याची भीती असते.

३. मार्गिटपासून प्रारंभ करू नये. आरंभीच्या शिकवणीच्या गुहेत ‘सोल्जर ऑफ गॉड्रिक’ हा साधा शत्रू आहे. आधी त्याच्याशी लढावे. मोठी ढाल घ्यावी, साथीदार बोलवावेत.

४. एका बैठकीत पाच पराभव किंवा अर्धा तास, जे आधी होईल ते. मग उठून घरात चार फेऱ्या माराव्यात. मनगट, अंगठा किंवा खांदा दुखल्यास त्या दिवशी खेळ बंद.

५. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात. मधूनमधून मुद्दाम मिटाव्यात. दृश्य वळताना चक्कर येत असेल, तर कॅमेऱ्याचा वेग कमी करून घ्यावा. नातवाला ते ठाऊक असेल.

६. झोपण्यापूर्वी तासभर कंट्रोलर बाजूला ठेवावा.

आणि एक अट नातवाने घालावी : खेळ सुरू करण्यापूर्वी आजोबांनी सदऱ्याच्या दोन गुंड्या डाव्या हाताने लावायच्या. निसटल्या तर निसटल्या, पुन्हा लावायच्या. त्या वेळी घरातल्या कोणी मदतीला हात पुढे करू नये, की ‘अरेरे’ म्हणू नये. मार्गिटसमोर नातू मरतो तेव्हा तसे कोणी म्हणत नाही.