आधी धूर बंद, मग यंत्र!



नातवाच्या दम्यासाठी हजारो रुपयांचं हवा शुद्ध करायचं यंत्र आणायचं आणि त्याच खोलीत सकाळी उदबत्ती, रात्री डासांची कॉइल लावायची! जीवदयाही गेली, लेकराचा श्वासही. बी.कॉम.वालीला हा हिशोब पटत नाही.

केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात आपलं जळगाव आहे. बाहेरची हवा हाती नसेल, घरातली आहे ना?

हेपा फिल्टर धूळ, परागकण पकडतो, वायू नाही. ओझोन सोडणारं यंत्र तर दमा वाढवतं. धूर म्हणजे भक्ती नव्हे, अग्निकाय-वायुकायाची विराधनाच. आधी धूर थांबवा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा. मग खोलीच्या मापाचं यंत्र लावा. डॉक्टरांनी दिलेला पंप मात्र सोडू नका!