फोनच्या खोक्यावर बँड आणि अपडेटची मुदत छापा

मा. संपादक,


सणाच्या खरेदीनिमित्त आपल्या पुरवणीत आलेली स्मार्टफोनची तुलना वाचली. कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन, प्रोसेसर, किंमत असे सगळे रकाने नीट भरले आहेत आणि निम्मा लेख ‘अँड्रॉइड घ्यावा की आयफोन’ या वादाला दिला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात येणारे फोन पाहून सांगतो, त्या वादात चुकीची बाजू धरली म्हणून पैसे पाण्यात गेलेले गिऱ्हाईक मला क्वचितच भेटते. पैसे जातात ते फोन गावच्या टॉवरशी जुळत नाही म्हणून, नाहीतर त्याची अपडेट बंद झालेली असतात म्हणून. या दोन्ही गोष्टी खोक्यावर ठळक छापण्याची सक्ती सरकारने करावी, यासाठी हे पत्र.

आधी रेंजचे पाहू. फोरजी फोन घेतला की तो कुठल्याही कंपनीच्या फोरजीवर चालेल, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, ठरलेले असतात आणि ते हँडसेटमध्ये असावे लागतात. बीएसएनएलचे फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते. ७०० च्या लहरी लांब जातात, घराच्या भिंतीतूनही आत येतात. कोकणासारख्या डोंगराळ मुलखात याला फार महत्त्व आहे. पण त्यासाठी फोनमध्ये ‘बँड २८’ लागतो आणि काही वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या कितीतरी स्वस्त फोरजी फोनांत तो नाही.

मध्यंतरी एक आजी मुलाने मुंबईहून पाठवलेला फोन घेऊन आल्या. “भाऊ, सिम बदलून झालं, तरी नेट येत नाही. शेजारणीकडे तेच सिम चालतं,” असे म्हणाल्या. सेटिंगमधून मॉडेल नंबर काढला आणि कंपनीच्या संकेतस्थळावर शोधला. अगदी तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत बँडची यादी होती : १, ३, ५, ८, ४०, ४१. त्यात बीएसएनएलच्या ७०० साठी लागणारा २८ नव्हता. मुंबईत मुलाच्या हातात हाच फोन सुरळीत चालत होता, कारण तिथे दुसरे बँड भरपूर. फोनमध्ये बिघाड नव्हता, त्यामुळे मला दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते आणि आजींना समजावणे मात्र फार जड गेले. ही यादी मुलाने फोन घ्यायच्या आधी पाहायला हवी होती असे म्हणावे, तर दुकानात ती त्याला दाखवली कोणी असती?

बँड असला तरी काम संपत नाही. २०१६ मध्ये जिओ आले ते फक्त फोरजी घेऊन. टूजी-थ्रीजी नसल्यामुळे साधे बोलणेसुद्धा व्हीओएलटीईवर, म्हणजे फोरजीवरूनच. ज्या फोरजी फोनांत ती सोय नव्हती त्यांना कॉलसाठी वेगळे ॲप टाकावे लागले. फाइव्हजीच्या वेळी तेच घडले. सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. आयफोन १२ मध्ये फाइव्हजीचे हार्डवेअर २०२० पासून होते, तरी भारतात ते चालू व्हायला डिसेंबर २०२२ मधले आयओएस १६.२ यावे लागले. म्हणजे हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि मोबाइल कंपनी या तिघांचा मेळ बसला तरच सेवा मिळते. ‘फाइव्हजी रेडी’ या दोन शब्दांतून गिऱ्हाइकाला यातले काहीच कळत नाही.

आमच्याकडे घरटी कोणीतरी आखातात आहे, काहींची मुले अमेरिकेत आहेत. तिकडून प्रेमाने आणलेला फोन इथे अडतो तो यामुळेच. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे मॉडेल असते, बँड वेगळे असतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रेच नाही, तो फक्त ई-सिमवर चालतो. हे माहीत नसलेले वडील सिमकार्ड हातात घेऊन दुकानात येतात.

आता दुसरी गोष्ट, अपडेटची. जुन्या प्रणाली कशा मागे पडल्या हे एका व्हॉट्सॲपवरूनही कळते. विंडोज फोनवर ते २०१९ च्या अखेरीस बंद झाले. जिओफोन २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन घरोघर गेला, त्याच्या कायओएसवर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आले आणि जून २०२४ पासून नव्याने डाउनलोड होईनासे झाले. २०२५ मध्ये अँड्रॉइड ५ च्या आतले आणि आयओएस १५.१ पर्यंत न पोचणारे फोनही वगळले गेले. त्यात २०१४ चा महागडा आयफोन ६ सुद्धा आला, कारण तो आयओएस १२ वरच थांबला होता. म्हणजे प्रणाली कोणतीही असो, मुदत प्रत्येकीलाच आहे. ती किती, हाच काय तो फरक, आणि तोच गिऱ्हाइकाला सांगितला जात नाही.

यात सर्वांत मोठी फसगत तारखेची होते. ‘चार वर्षे अपडेट’ म्हणजे साधारणपणे मॉडेल बाजारात आले तेव्हापासून चार वर्षे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून घेतले, तर हातात दोनच उरतात. बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग जॅक मी बदलून देतो आणि फोन पुन्हा नव्यासारखा चालतो. सुरक्षा अपडेट मात्र मला देता येत नाही. ते कंपनीनेच द्यायचे असते.

यावर कोणी म्हणेल, जुन्या फोनला पाठिंबा देत राहणे सुरक्षेच्या दृष्टीने घातक आहे. मान्य आहे. अपडेट नसलेल्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नका, असे मीही लोकांना सांगतो. पण मग तो दिवस कधी येणार हे विकत घेतानाच सांगा. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, ती वाचून कोणी औषध घ्यायचे सोडत नाही, शहाणपणाने घेते. कोणी म्हणेल, बाजार आपोआप सुधारतो आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचे आश्वासन दिले, ही चांगलीच गोष्ट आहे, आणि खालच्या किमतीच्या काही फोनांनाही आता जास्त वर्षे मिळू लागली आहेत. पण ज्याचे हातावर पोट आहे त्याने कंपनीच्या मर्जीवर का अवलंबून राहायचे?

नियम करणे अवघडही नाही. १ जानेवारी २०१७ पासून आपत्कालीन बटण नसलेला फोन भारतात विकता येत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, हेही सरकारनेच ठरवले. किरणोत्सर्गाची, म्हणजे ‘सार’ची मर्यादा १.६ वॅट प्रतिकिलो अशी घालून दिली. खोक्यावर किंमत आणि उत्पादनाचा महिना छापावाच लागतो. यातल्या एकाही नियमाने फोनचा बाजार बसला नाही. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट मिळाली पाहिजेत, असा नियम लागू केला आहे. मुदत मोजायची ती विक्रीच्या शेवटापासून, हे त्यांनी अचूक ओळखले.

म्हणून दूरसंचार विभाग आणि ग्राहक व्यवहार विभाग यांच्याकडे माझी मागणी अशी : प्रत्येक खोक्यावर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर एक छोटा तक्ता सक्तीचा करा. जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल या चौघांच्या नावापुढे फोरजी, फाइव्हजी आणि व्हीओएलटीई चालते की नाही, हे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे लिहा. बँडचे आकडे सामान्य माणसाने पाठ करावेत अशी अपेक्षा नको. त्याखाली ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक साल यापर्यंत’ अशी एक ओळ असावी, आणि तक्ता राज्याच्या भाषेतही असावा. कंपनीने ती तारीख पाळली नाही तर ग्राहक आयोगात तोच कागद पुरावा म्हणून चालावा.

नियम होईल तेव्हा होईल. आपल्या पुरवणीला त्यासाठी थांबायचे कारण नाही. पुढच्या तुलनेत कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलशेजारी हे दोन रकाने घाला, आणि जी कंपनी माहिती देणार नाही तिच्यापुढे ‘माहिती दिली नाही’ असे स्पष्ट छापा. आपला अंक गावोगाव वाचला जातो. वाचक तोच प्रश्न घेऊन दुकानात जाऊ लागले की दुकानदाराला आणि कंपनीला उत्तर द्यावेच लागेल.

आपला,
एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, जि. रत्नागिरी