वंशावळ आणि हिशेबवही
विल्यम फॉकनरच्या योक्नापटॉफा या कल्पित काउंटीला कालातीत मिथक ठरवणारी समीक्षा तिच्यामागील मिसिसिपीतील लाफायेट काउंटीचा इतिहास टाळते. १८३२ च्या करारान्वये चिकसॉ लोकांची भूमी गेली. १८३६ मध्ये काउंटी स्थापन झाली. १८५० व १८६० च्या गुलामगणनेत मालकांची नावे आहेत. गुलामांचे सामान्यतः केवळ वय, लिंग आणि वर्ण. अशा दप्तरातून सिद्ध होणारी वंशावळ मालकीचीच वंशावळ ठरते. ‘गो डाउन, मोझेस’मध्ये (१९४२) आयझॅक मॅकॅस्लिन घराण्याच्या हिशेबवह्या वाचतो, तेव्हा गुलाम स्त्रीपासून झालेल्या स्वतःच्याच मुलीवर आजोबांनी लादलेले मातृत्व त्याला उमगते. वंशावळीने वगळलेले नाते हिशेबात उरलेले असते. या वह्यांना निव्वळ प्रतीक मानणारा समीक्षक ते नाते दुसऱ्यांदा वगळतो.