न तुटलेल्या झडपेची कहाणी

मनुष्याचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा धडधडते आणि तितक्याच वेळा त्याची प्रत्येक झडप उघडते व मिटते. बालपणी घसा सुजल्यानंतर काहींना जो संधिज्वर येतो, त्याने ही झडप पुढे कायमची बिघडू शकते. मग शल्यविशारद तिच्या जागी कृत्रिम झडप बसवितात. असा एखादा आप्त आपल्याही घरी असेल. रात्री सारे निजले म्हणजे त्याच्या छातीतील बारीक टिकटिक शेजारच्यास ऐकू येते. त्या टिकटिकीचा भरवसा सुटला म्हणजे काय होते, त्याची एक खरी हकीकत आम्ही आज सांगणार आहो.

स्वीडनचे शल्यविशारद व्हायकिंग ब्यॉर्क यांचे नाव असलेली ‘ब्यॉर्क-शायली’ झडप अमेरिकेतील एक कंपनी तयार करीत असे. १९७९ साली तिचा नवा नमुना विक्रीस आला. धातूचे कडे, त्यात कलती होणारी तबकडी, आणि ती निसटू नये म्हणून दोन बाजूंस धातूचे दोन आधार, अशी तिची रचना. रक्त अधिक मोकळे वाहावे, गुठळ्या कमी व्हाव्यात, हा हेतू चांगलाच होता. परंतु एक आधार कड्यातूनच घडविलेला, तर दुसरा वेल्डिंगने जोडलेला. मिटताना तबकडी त्या दुसऱ्यावर आदळे. तार पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते, हे कुंपण घालणारा कोणीही सांगेल. आधाराचा एक पाय आधी तुटे. रोग्यास त्याचा पत्ताही नसे. मग दुसरा तुटे, तबकडी रक्ताबरोबर वाहून जाई आणि झडपेच्या जागी सताड उघडे दार राही. ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दगावले.

१९८६ साली विक्री थांबली. तोवर जगभरात सुमारे ८६,००० जणांच्या हृदयात ती झडप बसली होती. तुटल्याच्या घटना सहाशेंहून अधिक नोंदल्या गेल्या. म्हणजे शंभरांत एकही नाही! परंतु उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय? आपल्या छातीतील झडप तुटू शकते हे कळल्यावर प्रत्येक धडधडीत त्यांना मरण दिसू लागले. ती काढून दुसरी घालावी, तर ती शस्त्रक्रिया स्वतःच जिवावरची. पुष्कळांच्या बाबतीत तुटण्याच्या भयापेक्षा तिचाच धोका मोठा. वय, झडपेचा आकार, ती हृदयात कोठे बसली आहे, हे सारे पाहून एकास ‘काढा’ म्हणावे लागे, तर दुसऱ्यास ‘राहू द्या’. राहू द्या म्हणणे सोपे. राहणाऱ्याने रात्री निजावे कसे? १९९२ सालच्या अमेरिकेतील न्यायालयीन तडजोडीत झडप शाबूत असलेल्यांचाही समावेश झाला, आणि वैद्यकीय व मानसिक सल्ल्यासाठी निराळा निधी ठेवण्यात आला. आमच्या मते त्या तडजोडीतील हेच कलम सर्वांत शहाणपणाचे.

आज झडप अशी तुटणे अतिशय विरळ. बिघाड होतो तो निराळ्या वाटेने. प्राण्यांच्या पेशीजालापासून केलेली झडप वर्षांमागून वर्षे हळूहळू ताठरते, आणि तरुण रोग्यांत लवकर. देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पावले सुजतात. ‘वय झाले’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. दरम्यान हृदय जादा ओझे वाहून फुगते, आणि उशीर झाला तर नवी झडप घातल्यावरही ते पूर्ववत होईलच असे नाही. धातूच्या झडपेवर गुठळी धरते. ती मेंदूत गेली तर अर्धांग. झडपेतच अडकली तर ओळखीची टिकटिक मंदावते किंवा नाहीशी होते, आणि तेव्हा सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे लागते. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावयाची ती एवढ्यासाठीच. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती सोडणाऱ्यास सारेच दोष देतात. रक्ततपासणीसाठी मजुरी बुडवून दूरच्या शहरी जावे लागते, हे मात्र कोणी मोजीत नाही.

आपल्या देशातही झडप तयार होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांचे आधीचे नमुने एकामागून एक फसले. पण ते रोग्याच्या छातीत बसण्यापूर्वीच, चाचण्यांत फसले. अखेर जो नमुना टिकला त्याचा सांगाडा धातूच्या एकाच तुकड्यातून कोरलेला आहे, त्यात वेल्डिंगचा जोड नाही. ६ डिसेंबर १९९० रोजी तो प्रथम एका रोग्यास बसविण्यात आला. त्याची तबकडी प्लास्टिकची असल्यामुळे टिकटिक मंद येते. ऐकावयाची तर रात्री कान जवळ न्यावा लागतो.