पोटातली जुनी भीती

साधारण चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ गेली तीन वर्षे माझ्या दवाखान्यात येत आहेत. (ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे.) चांगली नोकरी, पत्नी, दोन मुले, स्वतःचे घर. तक्रार एकच, छातीत जळजळ आणि पोटात गोळा. दुर्बिणीतून तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, कार्डिओग्राम दोनदा काढला. सारे ठीक. गोळ्यांनी आठ दिवस बरे वाटायचे, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकदा औषध लिहिता लिहिता मी सहज विचारले, "त्रास नेमका वाढतो कधी?" ते म्हणाले, "गावाहून वडील यायचे असले की." आणि मग स्वतःच ओशाळले.

वडील व्यसनी नाहीत, मारकुटेही नव्हते. पण भाजीत मीठ कमी पडले की ताट सरकवून उठायचे, आणि मग दोन दोन दिवस घरात अबोला. त्यांना सर्दी झाली तर सारे घर पायाशी. मुलाला ताप आला तर "नाटकं पुरे". पाहुण्यांसमोर मुलाच्या मार्कांची थट्टा. चूक झाली तरी 'माझे चुकले' हे शब्द तोंडातून कधी आले नाहीत. हा मुलगा अंगणात सायकल स्टँडला लावल्याच्या आवाजावरून ओळखायचा, आज वडिलांचे काय बिनसले आहे ते. मग बहिणीला गप्प करायचे, पाण्याचा तांब्या पुढे करायचा. आज सायकल गेली, अंगण गेले. पण फाटकाची कडी वाजली की पोटातला गोळा तसाच वर येतो.

काही माणसे वयाने वाढतात, मनाने लहानच राहतात. रुसणे, आदळआपट, सतत आपलेच कौतुक हवे असणे, दुसऱ्याचे दुःख कानावर न घेणे. अशांच्या घरात मूलच घरातले मोठे माणूस होते. आई असेल तर ती रोज सासरचे गाऱ्हाणे आठ वर्षांच्या मुलीला सांगते, आणि ती मुलगी आईची आई होऊन बसते. लिंडसे गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१५ साली अशा पालकांच्या मुलांवर एक पुस्तक लिहिले. हा काही रोग नव्हे. मी कोणाच्या आईवडिलांच्या केसपेपरवर असे निदान लिहीत नाही.

पण शरीर याची नोंद ठेवते. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही रसायने रक्तात वाढतात, नाडी वाढते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. वाटेत साप दिसला तर ही सोय फार उपयोगाची. साप रोज संध्याकाळी साडेसहाला घरीच येणार असेल तर? १९९८ साली फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील सॅन दिएगोच्या नऊ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणी अपमान, मारहाण, घरातले व्यसन असे अनुभव जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारही अधिक, असे त्यात दिसले. अर्थात असे बालपण गेलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नव्हे.

आता काही वाचक रागावतील. "डॉक्टर, ज्यांनी जन्म दिला त्यांचे दोष काढायचे?" मला दोष काढायचे नाहीत. या गृहस्थांचे वडील बहात्तरच्या दुष्काळात ऐन विशीत खडी फोडायला जात होते. त्यांचे मन कोणी विचारले नव्हते. हे समजून घ्यावे. पण समजून घेणे म्हणजे दुखले नाही असे म्हणणे नव्हे. पाय मुरगळलेल्या माणसाला आपण 'दगड बिचारा काय करणार' असे सांगून घरी पाठवत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, सत्तरीच्या वडिलांकडून माफीची वाट पाहणे सोडावे. ती बहुधा येणार नाही, आणि त्या वाटेवरच अर्धे आयुष्य जाते. दुसरे, सेवा आणि भीती या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. औषधपाणी, डॉक्टर, पैसा यांत कसूर नको. पण आवाज चढला की "बाबा, तुम्ही शांत झालात की बोलू" म्हणून उठून बाहेर यावे. तडातडा उत्तरे देऊ नयेत. पहिल्या वेळी हात कापतील, दहाव्या वेळी कमी. तिसरे, एका तरी माणसाशी मोकळे बोलावे. बायकोला हे बहुधा आधीच ठाऊक असते!

झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र माझ्यासारख्या एमबीबीएसवर थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो. मराठीतही बोलता येते.

एक इशारा. जन्मभर शांत असलेला माणूस म्हातारपणी अचानक चिडका, संशयी झाला तर त्याला स्वभाव म्हणू नका. रक्तातले सोडियम, थायरॉईड, लघवीचा जंतुसंसर्ग, नैराश्य, स्मृतिभ्रंश, यांतले काहीही निघू शकते. आधी तपासून घ्या.

हे सगळे मी उंटावरून सांगत नाही. माझी मुलगी दहावीत असताना एका रात्री मी दवाखान्यातून आलो आणि पाहिले, ती माझे ताट जराही आवाज न करता मांडत होती. इतके जपून कशासाठी, हे कळायला मला दोन दिवस लागले. मी तिच्याजवळ जाऊन माफी मागितली. ती काहीच बोलली नाही, "चहा ठेवू का?" एवढेच म्हणाली. भांड्यांचा आवाज घरात यायला त्यानंतर चार-पाच महिने गेले.

त्या गृहस्थांची गोळी आता रोज लागत नाही, पण खिशात असते. गेल्या महिन्यात त्यांचे वडीलच रक्तदाब तपासायला आले. पट्टा बांधत होतो तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, पोरगं हल्ली मला भीत नाही हो. रागावलो तर उठून जातं, आणि तासाभरानं चहा घेऊन येतं." ही तक्रार होती. मी यंत्राकडे पाहिले. वरचा आकडा १५६ होता. मी त्यांना पाच मिनिटे स्वस्थ बसायला सांगितले आणि पुन्हा मोजला.