पिशवीत काय काय आहे?

मागच्या वर्षावासातली गोष्ट. आषाढी पौर्णिमेचा उपोसथ धरलेल्या आमच्या शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी पहाटे घामाने चिंब झालेल्या आणि असंबद्ध बोलताना दिसल्या. एका नातेवाइकाने ‘बाहेरचं काहीतरी’ असल्याची शंका काढली. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात! सुनेने मात्र शेजारून मशीन आणून बोटातलं रक्त तपासलं. साखर ४६. काकू शुद्धीवर होत्या म्हणून साखरपाणी पाजता आलं, मग रिक्षाने दवाखाना.

काकू मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावते. त्यात महिनाभर ओळखीच्या बाईकडून आणलेला कारलं-जांभळाचा रस चालू होता, तोही साखर उतरवणारा. आणि उपोसथ असल्याने दुपारनंतर जेवण नाही. तिन्ही गोष्टींचा ओढा एकाच बाजूला. डॉक्टरांना रसाचं सांगितलं होतं का, विचारलं तर म्हणाल्या, “ते काय औषध आहे का? भाजीच की.” (जाता जाता: आजारी भिक्खूंना दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ घेण्याची मुभा विनयात आहे. मधुमेही उपासकांनी गुळाचा खडा जवळ ठेवावा, आणि उपोसथ धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.)

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य कोरोनाच्या काळात घराघरात ऐकलं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. त्यातला एक दगावला. आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष देणं नाकारलं. तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर काळजी वाढतेच. कुंपणावरची वेल ओरबाडून काढा करणाऱ्याला ती कोण ओळखून देणार?

आपल्या भिवंडीत याचा धोका अधिक, कारण इथे टीबी आहे. टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन यकृताला इतर औषधं लवकर मोडायला लावतं. मग गर्भनिरोधक गोळीचा भरवसा राहत नाही, मधुमेहाच्या काही गोळ्या कमी पडतात. शिवाय या उपचाराचा भार यकृतावर असतोच. वर कसला तरी काढा किंवा दारू, आणि कावीळ झाली की कशामुळे झाली तेच कळत नाही. टीबीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात आणि सहा महिन्यांचा कोर्स लांबतो. मागावर बारा-बारा तास उभं राहणारे सांधेदुखीसाठी पुड्या आणतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. म्हणूनच दोन दिवसांत ‘गुण’ येतो. बीपीच्या गोळ्यांवर असलेल्याने रोज दुखण्याची गोळी खाल्ली, तर किडनीला मार बसतो तो वेगळाच.

पूर्वी मला लोकांच्या अडाणीपणाचा राग यायचा. आता तसं वाटत नाही. ओपीडीच्या रांगेत दिवसाचा खाडा पडतो, डॉक्टरांपाशी दोन मिनिटं मिळतात, आणि जडीबुटीचं नाव काढलं की बोलणी बसतात. माणूस पुढच्या वेळी गप्प राहतो. जडीबुटीवाला मात्र बसवून घेतो, ऐकून घेतो. डॉक्टरांनी न रागावता ‘आणखी काय काय घेता?’ एवढं विचारलं तर निम्मं काम होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची वाट बघत बसायचीही गरज नाही. आपल्या समाजात नर्स आहेत, फार्मासिस्ट आहेत. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात प्रत्येकाने घरातली औषधांची पिशवी आणावी. गोळ्या, चूर्ण, टॉनिक, रस, सगळं. मोठ्या अक्षरात यादी करून द्यावी, ती डॉक्टरांना दाखवावी. मनाने कुठलीही गोळी बंद करू नये, विशेषतः टीबीची. औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर फुकट कळवता येतं. आयुर्वेदिक औषधाचंही कळवावं.

परवा काकूंची पिशवी सतरंजीवर उलटी केली. नऊ वस्तू निघाल्या. दोन डब्यांवर वेगवेगळी नावं, आत दोन्हींत कॅल्शियमच. आणि थायरॉइडची गोळी त्या रोज सकाळी त्याच कॅल्शियमसोबत घेत होत्या, त्यामुळे ती अंगी लागतच नव्हती. आता दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवतात.